तोगाशींचं टेबल

त्सुरुओका
रेइवा ६, १६ एप्रिल

मोतो,

चेरीच्या फुलांच्या आणि हवापाण्याच्या चार ओळी मी रीतसर लिहिल्या आणि तू रीतसर वाचल्यास असं दोघं समजू या. माझ्याकडे आज वेळ नाही.

परवा तुझ्या काकांचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी झाला. तू हाकोदातेहून आला नाहीस, बंदराच्या कचेरीत रजा मिळाली नाही, ते मी समजून घेतलं. तू पाठवलेलं सुकं माकूल मिळालं. पुढच्या वेळी माझ्या दातांचाही विचार कर.

सेंदाईहून त्यांच्या जुन्या संगणकांच्या मंडळाचे कुसाकारीसान आले होते. फोटोपुढे उदबत्ती लावली, डोळे पुसले, आणि जेवताना हळूच विषय काढला. मंडळाचा नियम तुला ठाऊक आहे. माणूस गेला की प्रदर्शनातलं त्याचं टेबल एक वर्ष त्याच्या नावाने ठेवायचं, मग दुसऱ्याला द्यायचं. म्हणाले, "वहिनी, नोव्हेंबरच्या प्रदर्शनासाठी तोगाशीचं यंत्र आमच्याकडे द्या. आमची तरुण मंडळी सुरू करतील. मग ते मंडळातच राहू दे. घरात जागा अडवून काय करणार तुम्ही?"

जागा अडवून. ऐकलंस? तीसेक वर्षं ते काळं दोन उभ्या पेट्यांचं यंत्र माझ्या मेणबत्त्या रंगवायच्या खोलीत आहे, आणि मी एकदाही तसं म्हटलेलं नाही. मला आला राग. सगळ्या नातेवाइकांसमोर सांगून टाकलं, की नोव्हेंबरात ते मीच घेऊन येईन, मीच सुरू करीन, आणि तुमच्या नियमाप्रमाणे त्या यंत्रावर चालणारी प्रणाली त्याच यंत्रावर बांधलेली असेल. नाही जमलं तर यंत्र तुमचं आणि टेबलही तुमचं.

तुझ्या आईने माझ्या ताटात उगाचच लोणचं वाढलं.

तेव्हा आता मला शिकव. पंधरा वर्षं मी कापडगिरणीत कार्डं पंच केली आहेत, टाइप करताना मी बोटांकडे बघत नाही. सगळ्या पायऱ्या कागदावर लिहून पाठव. फोन नको. फोनवर तू बोलतोस, मी हो हो म्हणते, आणि ठेवला की सगळं धुऊन जातं. कागद मी भिंतीला चिकटवीन.

काकू

हाकोदाते
२२ एप्रिल २०२४

काकू,

नमस्कार. विधीला आलो नाही याची रुखरुख आहे. जूनमध्ये येईन.

यंत्राचं एक सांगतो, रागावू नका. त्याची पेटी कृपा करून उघडू नका. आतल्या वीजपुरवठ्याच्या भागात तार काढल्यावरही वीज साठून राहते. शिवाय त्या काळातले कंडेन्सर गळतात आणि बोर्ड खातात. हे नाजूक काम आहे.

माझं म्हणणं असं, की यंत्र मला पाठवा. उन्हाळाभर मी इथं त्याच्याकडे बघतो आणि ऑक्टोबरमध्ये चालू स्थितीत परत आणून देतो. तुम्ही प्रदर्शनात फक्त बटण दाबायचं. कोणाला काय कळणार आहे? प्रणालीचा गाभा मी इथंच बांधून मेमरी कार्डावर घालून देतो. मंडळाचा तो नियम कोणी इतका काटेकोर पाळत नाही.

उघडू मात्र नका.

मोतोहिरो

त्सुरुओका
रेइवा ६, ९ मे

मोतो,

उघडलं.

तू एका पानात दोनदा "उघडू नका" लिहिलंस. आधी वाटलं, हाही कुसाकारीसानांसारखाच. बाईच्या हातून स्क्रू सुद्धा निघणार नाही असं यालाही वाटतं. मग वाटलं, यालाच ते यंत्र हवंय. दोन दिवस तुझ्यावर चरफडत घालवले. तिसऱ्या दिवशी पेचकस घेतला. तार आधीच काढून ठेवली होती, घाबरू नकोस.

आतल्या मोठ्या बोर्डांची अवस्था वाईट आहे. जागोजागी तपकिरी चिकटा, तांब्यावर हिरवट बुरशी. हे यंत्र गेल्या नोव्हेंबरात चालत होतं असं मला कोणी शपथेवर सांगितलं तरी मी विश्वास ठेवणार नाही.

आणि ते चालत नव्हतंच. डाव्या पेटीच्या तळाशी, दुहेरी चिकटपट्टीने लावलेली, मासळीच्या कामाबोको वडीच्या कापाएवढी एक हिरवी चकती आहे. समोरच्या बटणाची तार तिच्याकडे जाते. पडद्याची तारही तिच्याकडूनच येते. बाकीच्या अख्ख्या यंत्राला ती कुठेही जोडलेली नाही. तिच्यावर कागदाची एक पट्टी आहे: "हे उलटं लावू नये." अक्षर तुझं आहे. पोस्टकार्डांवर वीस वर्षं पाहते आहे.

मला लांबण लावू नकोस. प्रदर्शनात लोकांनी जे पाहिलं, ते यंत्र होतं की तुझी चकती?

काकू

हाकोदाते
१३ मे २०२४

काकू,

चकती.

तो एक छोटा आजकालचा संगणक आहे, जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा. तेच पडद्यावरचे शब्द, तोच चालू होतानाचा आवाज. २०२१च्या वसंतात काकांचं यंत्र बंद पडलं. त्यांनी कंडेन्सर बदलायला घेतले, पण तोवर त्यांचे हात थरथरायला लागले होते. एक बोर्ड त्यांनी जवळजवळ जाळलाच. मला फोन केला. मी म्हटलं, मी येऊन करतो. म्हणाले, "नको. तू इथं आलास की तिला कळेल. ती माझ्या हातांकडे बघत बसेल." मग मी ती चकती पाठवली आणि त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला, की तुम्हाला सांगायचं नाही.

मी आजवर शब्द पाळला आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हाही पाळीन. त्या तीन प्रदर्शनांत ते टेबलामागे उभे राहून किती बोलायचे, ते तुम्हीच पाहिलंय.

आता माझं ऐका. कुसाकारीसानांना कळवा, की हलवताना यंत्राला धक्का बसला आणि ते गेलं. कोणी शंका घेणार नाही. यंत्र त्यांना देऊन टाका, पण आधी चकती काढा. काकांचं नाव राहील.

मोतोहिरो

त्सुरुओका
रेइवा ६, १ जुलै

मोतो,

जूनमध्ये तू दोन दिवस येऊन गेलास, आपण दोघांनी एदामामेच्या शेंगा सोलल्या, पाऊस किती झाला ते बोललो, आणि यंत्रावर चादर टाकलेली होती त्याबद्दल दोघांनीही अवाक्षर काढलं नाही. शोभतोस खरा त्यांचा पुतण्या.

तू गेल्यावर मी तुझ्या काकांशी भांडले. रोज सकाळी फोटोपुढे ताजा भात ठेवते, तो आठवडाभर ठेवला नाही. तीन वर्षं मी त्या टेबलाशेजारी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा देत होते आणि अभिमानाने सांगत होते, "सगळं यांनी स्वतः केलंय." यांना त्या वेळी काय वाटत असेल? हात थरथरतात हे मला माहीत नव्हतं असं त्यांना वाटत होतं का? मोतो, मी त्यांच्या शर्टाची बटणं लावत होते. ते म्हणायचे, "बोटं गारठलीत." मी म्हणायचे, "हो, थंडी आहे." ऑगस्टमध्ये सुद्धा. म्हणजे लपवण्यात मीही काही मागे नव्हते.

आठव्या दिवशी भात ठेवला. आणि चादर काढली.

त्यांना जे जमलं नाही ते मी करणार. धक्का बसला वगैरे काही मी कळवणार नाही. मी शब्द दिला तेव्हा मला वाटत होतं, की चालतं यंत्र नुसतं सुरू करायचंय. आता मेलेलं उठवायचंय, एवढाच फरक.

उठवायला घेतलंही. तुझ्या काकांच्या खणात नव्या कंडेन्सरांची पाकिटं पडून होती, मापाप्रमाणे नावं घातलेली. वेणीफणी करायला बसावं तशी रोज दुपारी बसते. जुना कंडेन्सर तापवला की असा वास सुटतो, जणू घरात मासळीबाजार भरलाय. शेजारच्या ओतावाबाई विचारून गेल्या, काय शिजतंय. पण काम अवघड नाही. पातळ मेणबत्तीवर शेवंतीची पाकळी रंगवताना हात जसा रोखून धरावा लागतो, श्वास सोडता सोडता टेकवावा लागतो, तसंच आहे हे. गरम मेण मी पन्नास वर्षं हाताळते आहे. वितळलेलं शिसं त्याच्यापेक्षा शहाणं आहे, ठेवलं तिथं राहतं.

तुझी चकती काढून डब्यात ठेवली आहे.

काल संध्याकाळी तार जोडली. पंखा फिरला, समोरचा दिवा हिरवा झाला, आणि पडद्यावर लिहून आलं, की सुरू करायला तबकडी द्या. मी खुर्चीत बसून मोठ्याने रडले आणि मग जेवले.

पुढच्या पायऱ्या पाठव.

काकू

हाकोदाते
६ जुलै २०२४

काकू,

तुमचं पत्र कचेरीत वाचलं आणि मला बाहेर धक्क्यावर जाऊन उभं राहावं लागलं. शाब्बास. मी असतो तर किमान दोन बोर्ड जाळले असते.

एक गोष्ट सांगतो, म्हणजे काकांवरचा उरलेला राग निवेल. १९९४मध्येच त्यांनी या यंत्राची मूळ चिप काढून एक महागडी चिप बसवली होती. मूळ चिपमध्ये निरनिराळ्या प्रोग्रामांच्या स्मृतीत भिंत घालणारा भाग नव्हता, आणि त्या भिंतीवाचून ही युनिक्सच्या घराण्यातली प्रणाली तिथं उभीच राहत नाही. त्या वर्षी त्यांनी नवा ओव्हरकोट घेतला नाही, आठवतंय? ती चिप अजून जागेवर आहे. ती नक्कल नाही.

आता काम. सोबत एक कार्ड पाठवतो, तबकडीच्या जागी ते लावायचं. त्यावर सर्वसाधारण गाभा आहे, त्याने यंत्र सुरू होईल पण रांगत चालेल, कारण तो तुमच्या यंत्राच्या मानाने फार जाडा आहे. मंडळाच्या नियमाप्रमाणे आपण त्यावरून त्याच यंत्रावर सडपातळ गाभा बांधायचा. लागणाऱ्या सगळ्या फाइली मी याच महिन्यात त्या कार्डावर उतरवल्या आहेत.

आधी घड्याळाची बॅटरी बदला आणि तारीख द्या: वर्ष दोन आकड्यांत, मग महिना, मग दिवस, मध्ये जागा न सोडता. मग दुसऱ्या कागदावरच्या आज्ञा एकेक करून. बांधायला तीन-चार दिवस लागतील. मध्ये थांबवलं तरी हरकत नाही, पुन्हा आज्ञा दिली की जिथं थांबलं तिथून पुढे जातं.

आणि स्वतःच्या नावाचं एक खातं उघडा. काकांचं मी घालून ठेवलंय.

मोतोहिरो

त्सुरुओका
रेइवा ६, २० सप्टेंबर

मोतो,

"जिथं थांबलं तिथून पुढे जातं." हे तुझं वाक्य मी लाल शाईने अधोरेखित करून भिंतीला चिकटवलंय, येता-जाता त्याला शिव्या घालता याव्यात म्हणून.

यंत्र सुरू होतं. तुझा जाडा गाभा पडद्यावर ओळींमागून ओळी सोडतो आणि शेवटी माझं नाव विचारतो. इथवर उत्तम. पण बांधायला घेतलं, की दिवसभर काम करतं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या फाइलीपासून पुन्हा सुरुवात करतं. काल झालेलं सगळं जणू झालंच नाही. रात्रभर चालू ठेव म्हणशील, तर ते होणार नाही. या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत मेण आहे आणि त्या वीजपुरवठ्यावर हात ठेवला तर पोळतो. अशा घरात ते चालू ठेवून मी झोपायची नाही. संध्याकाळी बंद, सकाळी सुरू. आणि सकाळी पुन्हा पहिल्यापासून.

ऑगस्ट गेला. ओबोनला, पितरांच्या दिवसांत, तुझे काका घरी येऊन गेले असतील तर त्यांनी हेच पाहिलं असेल, बायको पडद्यापुढे बसलीय आणि तीच फाइल विसाव्यांदा बांधतेय. कार्ड खराब आहे म्हणून मी तुझ्या नावाने बोटं मोडली. दुसरं घातलं, तेच. माझं सोल्डर कुठेतरी कच्चं असेल म्हणून सगळे टाके पुन्हा तपासले. चांगले आहेत.

परवा कुसाकारीसानांचा फोन. "वहिनी, टेबल मांडायचं ना?" मी म्हटलं, "मांडा." एवढ्या ठसक्यात म्हटलं, आणि फोन ठेवून पुन्हा पहिली फाइल बांधायला घेतली.

तुला म्हणून सांगते, मला भीती वाटतेय. यंत्र गेलं तर त्याचं एवढं नाही. पण ज्या माणसाने ते बंद पडलेलं तीन वर्षं माझ्यापासून लपवलं, त्याला मला सांगायचंय, की लपवायची गरज नव्हती, हे दोघांना मिळून जमलं असतं. ते सांगायचा माझ्याकडे हा एकच मार्ग उरलाय.

चूक कुठे आहे ते शोध.

काकू

हाकोदाते
२४ सप्टेंबर २०२४

काकू,

सापडली. तुमच्या पत्राच्या अगदी माथ्यावर.

तुम्ही तारीख घालता रेइवा ६. मी म्हटलं होतं, वर्ष दोन आकड्यांत. तुम्ही यंत्राला ०६ दिलंत ना? बंदरात परदेशी जहाजांमुळे आम्ही सगळं पाश्चात्त्य सालात लिहितो, त्यामुळे मला हे सुचलंच नाही. मला २४ म्हणायचं होतं.

त्या बिचाऱ्याला आपले सम्राट आणि त्यांचे कालखंड काय ठाऊक. ०६ म्हणजे २००६, असं समजून ते कामाला लागलं. बांधणारा प्रोग्राम रोज सकाळी एकच गोष्ट बघतो: मूळ फाइल नवी, की तिच्यापासून काल बांधलेला तुकडा नवा? तुकडा जुना दिसला, की पुन्हा बांधायचा. माझ्या फाइलींवर तारीख २०२४ची. तुम्ही काल बांधलेल्या तुकड्यावर २००६ची. म्हणजे त्याच्या हिशेबी तुमचं कालचं काम मूळ फाइलीच्या अठरा वर्षं आधीचं. मग ते इमानदारीने सगळं पुन्हा करतं.

सोल्डरला दोष नाही, कार्डालाही नाही. वर्षाच्या जागी २४ घाला, आजवर बांधलेले तुकडे पुसा, आणि एकदाच शेवटचं पहिल्यापासून सुरू करा. संध्याकाळी खुशाल बंद करा.

आणि बोटं मोडल्याबद्दल मला या हंगामातल्या दादाचामामे शेंगांची दोन पाकिटं हवीत.

मोतोहिरो

त्सुरुओका
रेइवा ६ (तुझ्या यंत्रासाठी २०२४), १९ नोव्हेंबर

मोतो,

शेंगांचा हंगाम सरला, त्या तुला पुढच्या ऑगस्टमध्ये. सध्या खारवलेलं शलगम पाठवते आहे.

गाभा बांधून झाला हे तुला फोनवर सांगितलंच. किंचाळल्याबद्दल माफ कर.

सेंदाईला मी यंत्र बसने नेलं, दोन उशांमध्ये बांधून, शेजारच्या सीटचं तिकीट काढून. टेबल खिडकीजवळचं नेहमीचंच होतं. पाटीवर तुझ्या काकांचं नाव. मी तार जोडली, पडदा लावला, आणि बटणावर बोट ठेवून क्षणभर थांबले. कुसाकारीसान समोर येऊन उभे राहिले. त्यांच्यामागे मंडळातले सगळे.

दाबलं. आणि मोतो, ते सुरू झालं, पण त्याच्या चालीने. एक ओळ. मग विचार. मग दुसरी ओळ. अमुक चिप सापडली, इतकी स्मृती सापडली, कार्ड सापडलं. मध्येच थांबायचं. मी आपली थर्मासमधला चहा ओतत बसले, सगळ्यांना पेले दिले. पलीकडच्या टेबलावरची अकिताची बाई म्हणाली, "गेल्या वर्षी झटकन व्हायचं ना हो?"

मी म्हटलं, "वय झालंय. आता घाई करत नाही."

ती हसली. कुसाकारीसान हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, गुडघ्यांवर हात ठेवून शेवटच्या ओळीपर्यंत बघत राहिले. पडद्यावर "लॉगिन" उमटलं, पुढे कर्सर लुकलुकायला लागला, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते मात्र माझ्याकडे वाकून, फक्त मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "वहिनी, या टेबलावर हे एवढं हळू चालताना मी चार वर्षांनी बघतोय."

मी पेला खाली ठेवला. विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच. पहिल्या वर्षीच कळलं. एवढ्या वेगात हे यंत्र कधी सुरू झालंय? पण टेबल त्याचं होतं. चार तास उभं राहून इतकं आनंदाने बोलणाऱ्या माणसाला पेटी उघडून दाखव म्हणायचं कोणी?"

मग एप्रिलमध्ये यंत्र मागितलं ते का? विचारायची गरज पडली नाही. ते स्वतःच म्हणाले, "ते आम्ही दुरुस्त करून, कुणालाही काही न कळू देता, तुम्हाला परत देणार होतो. तुम्ही जेवता जेवता असा आवाज चढवलात, की मला पुढे बोलताच आलं नाही."

म्हणजे बघ. तू लपवत होतास, ते लपवत होते, मंडळ लपवत होतं, मी ऑगस्टमध्ये थंडी आहे म्हणत होते. एका माणसाच्या हातांसाठी किती जण डोळे मिटून बसले होते. मला राग यायला हवा होता. आला नाही. पुन्हा एकदा डोळे भरून आले, एवढंच.

टेबल राहिलं. पाटीचं काय करायचं ते मंडळ ठरवील.

घरी सराव करताना मी लॉगिनपुढे दर वेळी त्यांचंच नाव घालत असे. प्रदर्शनातही तेच घालायचं ठरवून गेले होते. एवढ्या लोकांसमोर कर्सर लुकलुकत होता, आणि मी बोटांकडे न बघता माझं नाव टाइप केलं. यंत्राने जरा विचार केला आणि मला आत घेतलं.

तुझी हिरवी चकती पार्सलात शलगमाच्या डब्याखाली ठेवली आहे, कापडात नीट गुंडाळून. कधी कोणाला लागली तर दे. उलटी लावू नकोस म्हणावं.

काकू